तू म्हणायची उंची

इनरमोसच्या खोऱ्यात एक नियम आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच सगळे पाळतात. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की माणूस माणसाला 'तू' म्हणतो. खाली गावात कुणी बँकेतला साहेब असो, दातांचा डॉक्टर असो, नाहीतर शाळेचा मुख्याध्यापक, वर गेला की अरे-तुरे. डोंगर चढणाऱ्यांच्या क्राक्से निवाऱ्याच्या मागे, अगदी हाकेच्या अंतरावर, गाईएवढा एक धोंडा आहे आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारलेली आहे. रेघेच्या अलीकडे 'अहो', पलीकडे 'अरे'. एकदा खुद्द बिशप आले होते. त्यांनी रेघ ओलांडली आणि गावचा सुतार त्यांना म्हणाला, "बिशप, तुझी नाडी सुटलीय." बिशपांनी वाकून नाडी बांधली. शाळेची सहल मात्र दर वर्षी रेघेच्या अलीकडेच डबे खाऊन परत फिरते. का, ते मुख्याध्यापक सोडून सगळ्या शाळेला माहीत आहे.

मग निवाराच रेघेच्या वर का नाही बांधला, असं पाहुणे विचारतात. कारण बांधणाऱ्यांचं खेचर तिथवर येऊन जे बसलं ते उठेचना. शेवटी त्यांनी त्याच्याभोवतीच पाया खणला.

या निवाऱ्यात बुर्गी दर उन्हाळ्यात राहायची. तिचं पूर्ण नाव नोटबुर्गा सांटर, पण त्या नावाने तिला फक्त गणिताच्या बाई हाक मारायच्या, तेही पेपर परत देताना. ती पंधरा वर्षांची होती आणि त्या उन्हाळ्यात तिला एक शोध लागला होता, की मोठ्या माणसांना काहीही कळत नाही. संशय आधीपासून होता. आता खात्री झाली होती.

निवारा तिची आई फिलोमेना, जवळच्यांची मेना, चालवायची. पाहुण्यांचं जेवण, गाद्या, चुलीची लाकडं, तुंबलेली मोरी, सगळं तीच. बाबा इन्सब्रुकला ट्रॅम चालवायचे आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसले होते. त्यांची सख्खी बहीण झेंझी आत्या मात्र उन्हाळाभर निवाऱ्यात राबायला यायची. भावाशी तिने बोलणं टाकलं होतं, वहिनीशी नाही. "दुकानात खराब निघालं तर बदलून देतात ना," आत्या सांगायची, "तसा मी भाऊ देऊन वहिनी घेतली."

निवाऱ्याच्या डोक्यावर दोन शिखरं आहेत, पुढची क्राक्से आणि मागची क्राक्से. क्राक्से म्हणजे पाठीवर ओझं वाहायची लाकडी चौकट, आणि शिखरं दिसतातही तशीच, चौकोनी आणि कंटाळलेली. पुढची चॉकलेटच्या डब्यावर आहे, पोस्टकार्डांवर आहे, गावच्या बंबवाल्यांच्या बिल्ल्यावर आहे. मागची तिच्याहून चांगली उंच आहे, पण ती मागे आहे. गावातून दिसत नाही, रस्त्यावरून दिसत नाही, निवाऱ्याच्या अंगणातूनही दिसत नाही. ती नीट दिसते फक्त निवाऱ्याच्या संडासाच्या खिडकीतून, आणि तिथे कुणी कॅमेरा घेऊन जात नाही. पाहुणे पुढचीवर चढतात, फोटो काढतात आणि तिच्यामागचं ते मोठं धूड बघून विचारतात, "ते काय?" "मागची," असं उत्तर मिळतं. त्यांचं तेवढ्याने समाधान होतं.

मागचीवर वर्षभरात मोजकी माणसं जायची. त्यातले एक कासियान क्लोट्झ. खोऱ्यातल्या सगळ्या पायवाटांची देखभाल त्यांच्याकडे होती. वाहून गेलेल्या पायऱ्या पुन्हा रचायच्या, खडकांवर लाल-पांढरे पट्टे रंगवायचे, सैल झालेल्या साखळ्या ठोकायच्या. उंच माणूस, भुवया दाट, आणि बोलणं असं की शब्दाशब्दाला कर भरावा लागतोय. दर गुरुवारी ते वाट बघत बघत वर यायचे. म्हणजे पायवाट बघत. निदान ते तरी तसं म्हणायचे. मग स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून पावाच्या गोळ्यांचं सूप प्यायचे.

"सूप छान झालंय, सांटरबाई."

"आणखी घ्या ना, क्लोट्झसाहेब."

"तुम्हाला त्रास नको."

"त्रास कसला, अहो."

आठ उन्हाळे हेच. बुर्गी सात वर्षांची होती तेव्हापासून हे संभाषण तिला पाठ होतं. क्लोट्झकाका आले की आई स्वच्छ एप्रन घालायची आणि काका जायच्या आधी खिडकीचं एखादं बिजागर दुरुस्त करून जायचे, मग ते मोडलेलं असो वा नसो. हे काय आहे ते बुर्गीला कळत होतं. आत्याला कळत होतं. तारेवरून सामान वर आणणाऱ्या पाळण्याचा खालचा ऑपरेटरसुद्धा फोनवर विचारायचा, "झालं का काही?" फक्त दोघं जणं होती ज्यांना पत्ता नव्हता, किंवा पत्ता असून दार वाजवायचं धाडस नव्हतं.

सप्टेंबरातल्या पहिल्या गुरुवारी बुर्गी कोठीत पीठ काढत होती आणि दार अर्धवट उघडं होतं.

"सांटरबाई," क्लोट्झकाका म्हणाले, "मला फाल्टबाखच्या खोऱ्यात बोलावलंय. कायमचं. तिकडच्या वाटा बघायला."

पळी भांड्याला लागल्याचा आवाज झाला.

"अरे वा," आई म्हणाली. "अभिनंदन तुमचं."

"रविवारपर्यंत त्यांना कळवायचंय."

"हो का."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तिकडचा रस्ता चांगला आहे म्हणतात."

"डांबरी आहे."

"मग झालं तर."

पुढे बराच वेळ फक्त सूप पिण्याचा आवाज येत राहिला. ते गेल्यावर आईने एक स्वच्छ पातेलं घेतलं आणि घासघासून धुतलं. मग दुसरं स्वच्छ पातेलं घेतलं.

बुर्गी पिठाने माखलेल्या हातांनी अंगणात गेली. आत्या चादरी वाळत घालत होती.

"आत्या, क्लोट्झकाका चालले कायमचे! आणि आई म्हणते काय, तर रस्ता चांगला आहे!"

"ऐकलं मी. खिडकी उघडी होती."

"मग काहीतरी कर ना!"

"मी काय करू? तुझ्या आईला 'अहो' म्हटलं की ती काचेच्या कपाटात जाऊन बसते. तो तर त्या कपाटाला बाहेरून कुलूप लावतो. आठ वर्षं एकमेकांना 'तुम्ही' म्हणणारी माणसं, त्यातून काय होणार? फार तर पतपेढी होईल."

बुर्गीने धोंड्याकडे बघितलं. पांढरी रेघ उन्हात चकाकत होती. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात तिच्या डोक्यात असा उजेड रोजच पडायचा, पण हा वेगळा होता.

"आत्या, ही दोघं कधी रेघेच्या वर एकत्र गेलीयत?"

आत्याच्या तोंडात चिमटा होता. तिने तो काढला. "नाही गं," ती म्हणाली. "कधीच नाही."

कारण उघड होतं. आईला चूल सोडून जाता येत नव्हतं. क्लोट्झकाका वर जायचे, पण आई खालीच. नियम सगळ्यांना लागू होता, फक्त त्या दोघांना त्याचा उपयोग झाला नव्हता.

वर न्यायला निमित्त लागणार होतं. ते मागचीनेच पुरवलं. गेल्या हिवाळ्यातल्या वादळाने तिच्या माथ्यावरचा क्रूस एका बाजूला कलला होता, पलीकडच्या खोऱ्यात काय शिजतंय ते डोकावून बघितल्यासारखा. बर्फ पडायच्या आत तो सरळ करणं भाग होतं. क्लोट्झकाकांचा जोडीदार येणार होता, पण त्याने गावच्या जत्रेत पोत्यांच्या शर्यतीत गुडघा दुखावून घेतला. बुर्गीने शुक्रवारी सकाळी खाली फोन लावला.

"काका, क्रूस सरळ करायला माणसं लागतील ना? मी येते. आणि आईही येतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सांटरबाई स्वतः म्हणाल्या?"

"स्वतः," बुर्गी म्हणाली, आणि फोन ठेवून आईला विचारायला गेली.

आईने नाही म्हणण्याची चार कारणं सांगितली. चारही कारणांना आत्याने एकच उत्तर दिलं: "वहिनी, मी मेले नाहीये अजून. सूप मलाही येतं." आईने माळ्यावरून आपले जुने बूट काढले. बुर्गीने बघितलं, बुटांना ग्रीस लावलेलं होतं. ताजं. वर्षानुवर्षं न घातलेल्या बुटांना कुणी दर वर्षी ग्रीस का लावतं, हे तिने विचारलं नाही. इतकं तर तिला कळत होतं.

शनिवारी उजाडताच तिघं निघाली. पुढे क्लोट्झकाका, पाठीवर दोर आणि हत्यारांची पिशवी, मधे बुर्गी, मागे आई. धोंडा आला. रेघ आली. तिघांनी ती ओलांडली. बुर्गीने श्वास रोखून धरला आणि कान टवकारले.

काही नाही.

कुणी बोललंच नाही. दगडगोट्यांच्या उतारावर बुटांचा करकर आवाज, बस. शेवटी बुर्गीनेच सुरुवात केली. "काका, तुझी पिशवी जड आहे का रे?" जिभेवर लिंबू पिळल्यासारखी मजा आली तिला.

"नाही," क्लोट्झकाका म्हणाले.

"आई पण विचारतेय."

"मी कुठे विचारलं?" आई म्हणाली.

पुन्हा करकर. पहिल्या झऱ्यापाशी क्लोट्झकाका थांबले, घसा साफ केला, समोरच्या खडकाकडे बघत म्हणाले, "पाणी प्यायचं असेल तर पिता येईल."

आई दुसऱ्या खडकाकडे बघत म्हणाली, "प्यायलं जाईल थोडं."

बुर्गी थक्क झाली. 'तुम्ही' म्हणायची सोय राहिली नव्हती, 'तू' म्हणायची छाती होत नव्हती, म्हणून दोघांनी भाषेतून माणसंच काढून टाकली होती! आता फक्त क्रियापदं उरली होती आणि ती बिचारी आपापली डोंगर चढत होती.

"इथून जरा जपून गेलेलं बरं."

"जपूनच जाणं चाललंय."

"दमायला झालं असेल तर बसण्यासारखी जागा आहे."

"दमायला झालेलं नाही. तिकडे झालं असेल तर बसावं."

"तिकडेही नाही झालेलं."

"आई गं," बुर्गी म्हणाली. पण ते कुणालाच उद्देशून नव्हतं. साथ पसरत होती.

डोंगराच्या अरुंद धारेवर दोर बांधला. एका बाजूला इनरमोस, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दोरावर असताना पुढच्याने मागच्याला 'ये' म्हणायचं, 'थांब' म्हणायचं, जगभर असंच चालतं. आता तरी! बुर्गी वाट बघत राहिली. क्लोट्झकाका वरच्या टप्प्यावर पोचले, पाय रोवून उभे राहिले, दोर ओढून घेतला आणि खिशातून शिट्टी काढली. एक शिट्टी म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. आई खालून वर चढताना मान खाली घालून हसतेय की रडतेय ते बुर्गीला दिसलं नाही. बहुतेक शिव्या देत होती.

मागचीचा माथा जेवणाच्या टेबलाएवढा आहे. तिथे पोचल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी हात मिळवायचे. क्लोट्झकाकांनी बुर्गीचा हात हलवला, "शाब्बास." मग आईचा हात हातात घेतला. शिखरावर हात मिळवताना नाव घेतात. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "हवा चांगली आहे."

"चांगली आहे," आई म्हणाली.

बुर्गी क्रुसाला टेकून बसली. क्रूस आणखी थोडा कलला, म्हणून ती उठली. वरून पुढची क्राक्से दिसत होती, म्हणजे तिची पाठ. चॉकलेटच्या डब्यावरची ती दिमाखदार पुढची पाठीमागून अगदीच भुगा होती, कुणीतरी टेकडीभर खडी ओतून ठेवल्यासारखी. बुर्गीला एरवी या गोष्टीचा केवढा आनंद झाला असता. पण उद्या रविवार होता. उद्या क्लोट्झकाका फाल्टबाखला हो म्हणणार, पुढच्या गुरुवारी बाक रिकामा राहणार आणि आई स्वच्छ पातेली धुणार. बुर्गीचं सगळं करून झालं होतं. तिने दोन मोठी माणसं थेट ढगापर्यंत आणली होती. याच्यावर आता फक्त आकाश होतं.

क्रूस लोखंडी होता, तिघांच्या डोक्यावर जाईल एवढा, आणि तीन तारांनी कातळाला बांधलेला. तो सरळ उभा करून आईने कवेत घेऊन धरायचा, बुर्गीने अलीकडची तार आधी थोडी सैल सोडायची, आणि क्लोट्झकाकांनी पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसून दुसरी तार पान्याने आवळायची. मग बुर्गीने आपली तार पुन्हा ताणायची. सोपं काम. तीन माणसांचं.

"धरलं गेलंय का?" क्लोट्झकाकांनी पलीकडून विचारलं.

"धरलं गेलंय," आई म्हणाली.

"जरा उजवीकडे घेतलं जावं."

"कुणाच्या उजवीकडे?" बुर्गीने विचारलं.

"सर्वसाधारण उजवीकडे."

आईने क्रूस रेटला. तिचा चेहरा लाल झाला होता. क्लोट्झकाकांचा पाना कुरकुरला. मग ते म्हणाले, "ठीक. आता सोडायला हरकत नाही."

हे त्यांनी बुर्गीला सांगितलं होतं, तारेबद्दल. बुर्गीने तार सोडली. आईला वाटलं, आपल्याला सांगितलं. आईने क्रूस सोडला.

क्रूस लगेच पडला नाही. देवाचं काम, घाई कशाला. तो आधी थोडा थरथरला, मग सावकाश, मोठ्या अदबीने क्लोट्झकाकांच्या बाजूला झुकला. त्यांनी वर पाहिलं, "अं," एवढंच म्हणाले आणि मागे बसले. तिसरी तार खणकन ताणली गेली म्हणून क्रूस हवेतच अडकला, पण त्याची एक भुजा त्यांच्या घोट्यावर टेकली आणि हत्यारांची पिशवी उडून पलीकडच्या खोऱ्यात गेली. तिचा खळखळाट बराच वेळ ऐकू येत राहिला. मागची खरंच उंच आहे.

"कुणाला?" आई ओरडली.

क्लोट्झकाका तिच्याकडे बघत राहिले.

"कुणाला सोडायला हरकत नाही? मला? तिला? का त्या वरच्याला? अरे माणसा, तोंड दिलंय ना देवाने तुला? सकाळपासून ऐकतेय, चाललं जावं, बसलं जावं, प्यायलं जावं! मेली असती पोरगी! मेला असतास तू! तुझ्या थडग्यावर काय लिहायचं मग, 'इथे पुरलं गेलंय'? नाव घे ना माझं! नाव घ्यायला काय होतं तुला?"

डोंगरात तिचा आवाज घुमला. पुढच्या क्राक्सेने 'काय होतं तुला' परत म्हणून दाखवलं.

क्लोट्झकाकांच्या भुवया कुठल्या कुठे गेल्या होत्या.

"मेना," ते म्हणाले.

"काय?"

"मेना, माझा पाय अडकलाय."

आई आणि बुर्गी दोघी धावल्या. क्रुसाच्या भुजेखाली खांदा घालून आईने तो उचलला, बुर्गीने काकांचा बूट ओढून काढला. घोटा सुजायला लागला होता, पण हाड शाबूत होतं. आईने आपल्या गळ्यातला रुमाल काढून घोट्यावर बांधला. बांधताना ती इतक्या जोरात आवळत होती की क्लोट्झकाका दोनदा "हळू" म्हणाले. हळू हा शब्द फार चांगला, त्यात 'तू'ही बसतो आणि 'तुम्ही'ही. पण आता आई थांबणार नव्हती.

"आणि चाललास फाल्टबाखला. डांबरी रस्ता आहे म्हणे!"

"रस्ता चांगला आहे असं तू म्हणालीस."

"मग काय म्हणणार? 'तुम्हाला काय वाटतं,' म्हणे. अशा प्रश्नाला असंच उत्तर मिळतं. टपाल खात्यात विचारल्यासारखं विचारलंस, टपाल खात्यासारखं सांगितलं."

"मग तू कधी विचारलंस?"

"मी बाई मा..." आई थांबली. "मी रोज एप्रन बदलायचे," ती म्हणाली.

"रोज नाही. गुरुवारी."

"म्हणजे बघितलंस!"

"बघितलं."

"आणि आठ वर्षं गप्प!"

क्लोट्झकाकांनी घोट्यावरचा रुमाल उगाच सारखा केला. त्यांनी त्या दिवशी जेवढे शब्द वापरले तेवढे बुर्गीने त्यांच्या तोंडून आठ वर्षांत ऐकले नव्हते, आणि पुढचे तर त्यांना कुठून तरी खणून काढावे लागले.

"तुला वर बोलवायचं फार वेळा मनात आलं," ते म्हणाले. "पण इथे 'तू' म्हटलं असतं, तर खाली रेघेपाशी ते परत करावं लागलं असतं. नियम आहे. एकदा मिळालेलं असं परत द्यायला मला नसतं जमलं, मेना. त्यापेक्षा नको. त्यापेक्षा फाल्टबाख बरं."

आईने कपाळावरचे केस मागे सारले, हात विजारीला पुसले आणि उभी राहिली.

"आधी हा क्रूस उभा करू," ती म्हणाली. "लोकांना संडासातून दिसतो."

पिशवी गेली होती, पण एक पाना क्लोट्झकाकांच्या हातातच राहिला होता. ते बसल्या बसल्या सांगू लागले. "मेना, ढकल. अजून. बास. बुर्गी, तू आवळ. मेना, तू सोडू नकोस." सरळ, नावानिशी, प्रत्येकाचं काम प्रत्येकाला. क्रूस किती पटकन उभा राहिला! बुर्गीला वाटलं, व्याकरण शिकवताना शाळेत हे का सांगत नाहीत?

मग क्लोट्झकाकांनी पुन्हा हात पुढे केला. शिखरावरचा रिवाज अर्धा राहिला होता ना, नाव घेऊन 'बेर्ग हाइल', म्हणजे डोंगराचा जय, म्हणायचा. "बेर्ग हाइल, मेना." "बेर्ग हाइल, कासियान." खोऱ्यातल्या जुन्या पद्धतीत या वेळी गालाचा मुकाही घेतात, म्हणून बुर्गीने पाठ फिरवली आणि पलीकडचं खोरं बघितलं. बराच वेळ बघितलं. तिथे ढगाशिवाय काही नव्हतं, पण तिने नीट बघितलं.

उतरायला दिवस गेला. क्लोट्झकाका एका बाजूने काठीवर, दुसऱ्या बाजूने आईच्या खांद्यावर. शिट्टीची गरज पडली नाही. "इकडे पाय ठेव." "कुठे?" "इकडे रे, आंधळा आहेस का?" बुर्गीने असं सुंदर संभाषण जन्मात ऐकलं नव्हतं. ती पुढे पुढे उड्या मारत गेली आणि मग तिला लांबून धोंडा दिसला. ती थांबली. मागून दोघांचा आवाज येत होता. जसजशी रेघ जवळ आली तसतसे आवाज कमी होत गेले. शेवटच्या वळणावर पूर्ण बंद.

तिघांनी रेघ ओलांडली.

निवाऱ्यात हलकल्लोळ होता. बव्हेरियातून एक अख्खं गायकमंडळ आलं होतं, सगळे भुकेले, आणि भूक लागली की ते गात होते. झेंझी आत्या बटाट्यांच्या बादलीपाशी बसून चार आवाजांतल्या गाण्याला शिव्यांचा पाचवा आवाज देत होती. "आलात! वहिनी, यांना तळलेले बटाटे हवेत. सगळ्यांना! आणि क्लोट्झसाहेबांच्या पायाला काय झालं?"

"क्रूस पडला," बुर्गी म्हणाली.

"बरं झालं," आत्या म्हणाली. तिचं लक्ष दोघांच्या चेहऱ्यांकडे होतं.

क्लोट्झकाका दारातच उभे होते, एका पायावर. त्यांनी टोपी काढली. आईकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं.

"सांटरबाई," ते म्हणाले, "तुमचा फोन वापरला तर चालेल का?"

बुर्गीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सांटरबाई! तुमचा! संपलं. दिलं परत. इतका प्रामाणिक माणूस नसावा कुणी.

आई चुलीपाशी होती, पाठमोरी. तिने तवा आदळला, त्यात तूप टाकलं आणि मागे वळून न बघता, गाणाऱ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"फोन भिंतीवर आहे. आठ वर्षं बघतोयस तू तो."

आत्याचा चाकू थांबला. गायकमंडळ गातच राहिलं, त्यांना काय कळतंय. तूप तडतडलं. बुर्गीने पटकन खिडकीतून बाहेर बघितलं, धोंडा जागेवर होता, रेघ जागेवर होती, आणि आई तिच्या चांगलीच खाली उभी होती.

क्लोट्झकाका लंगडत फोनपाशी गेले. त्यांनी नंबर फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागले. "हो, क्लोट्झ बोलतोय, इनरमोसहून. नाही, उद्याची वाट कशाला बघायची. मी येत नाहीये... नाही, रस्ता चांगलाच आहे... पाय दुखावलाय... नाही हो, बरा झाल्यावरही नाही." थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. "कारण? कारण इथे बटाटे सोलायचे आहेत." त्यांनी फोन ठेवला.

आईने एक स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं. ते बसले. आत्याने आपला चाकू त्यांच्या हातात दिला आणि दुसरा घेतला. पहिला बटाटा त्यांनी असा सोलला की सालच जास्त आणि बटाटा सुपारीएवढा.

"हे काय?" आई म्हणाली. "पाहुण्यांना साली वाढू? कधी बटाटा बघितलायस का तू?"

क्लोट्झकाका लाल झाले. आधी कान, मग मान. त्यांनी बटाटा ठेवला, उचलला, परत ठेवला. साऱ्या स्वयंपाकघराचे कान तिकडे होते. त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"मग तुम्ही," ते म्हणाले, आणि थांबले, आणि पुन्हा जोर लावला, "तुम्ही सांग ना कसं सोलायचं."

तुम्ही सांग! बुर्गीने तोंडावर हात दाबला. मराठी असो, जर्मन असो, कुठल्याही भाषेच्या बाईंनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली असती. आई तव्याकडे वळली, पण तिचे खांदे हलत होते.

"निम्मं तर झालं," झेंझी आत्या म्हणाली, आणि तिने बटाट्यांची दुसरी बादली त्यांच्यापुढे ओढली.